इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं चर्च कसं बघावं

खेड्यातल्या चर्चचं दार बंद दिसतं, पण बहुतेक वेळा ते नुसतं लोटलेलं असतं. हे कळायला माझी तीन चर्च वाया गेली. तिन्ही वेळा दार जरासं ढकललं, हललं नाही, म्हणून बाहेरूनच चक्कर मारून परत आलो. चौथ्या वेळी कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजींनी हसून सांगितलं, की कडी फिरवा आणि खांदा लावा. लोखंडी कडी फिरवली की आतली खिटी वर उचलली जाते. मग ओकचं ते जाडजूड दार अंगाचा भार टाकून ढकलायचं. कर्रर्र आवाज होतो, आतून थंड, दमट, जुन्या कागदांचा आणि मेणाचा वास येतो, आणि आपण आठशे-नऊशे वर्षांच्या एका इमारतीत एकटेच उभे असतो. ना तिकीट, ना पहारेकरी.

इथे शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आपले लोक लंडनची मोठी कॅथेड्रल बघतात आणि गावातल्या चर्चवरून गाडी पुढे काढतात. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६,००० चर्च आहेत, त्यांतली बहुसंख्य संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत, आणि कित्येक हजार मध्ययुगातली आहेत. तुम्ही कुठेही राहत असलात तरी अर्ध्या तासाच्या अंतरावर एखादं सापडेलच. ते बघायचं कसं, एवढंच इथे सांगतो.

निघण्याआधी

रविवार सकाळ टाळा. आता एकाच धर्मगुरूकडे पाच-सहा गावं असतात, त्यामुळे दर रविवारी प्रत्येक गावात प्रार्थना होतेच असं नाही, पण असली तर आपण फोटो काढत फिरणं बरं दिसत नाही. मागच्या बाकावर बसायला मात्र काहीच हरकत नाही, तुमचा धर्म कोणी विचारणार नाही. वेळा बघायला ‘अ चर्च निअर यू’ हे चर्च ऑफ इंग्लंडचं संकेतस्थळ आहे. दार खरोखर कुलूपबंद असेल, तर पोर्चमधल्या फलकावर किल्ली कोणाकडे मिळेल ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. बिनधास्त मागा. किल्ली हातभर लांबीची निघाली तर दचकू नका.

बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची. उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घ्या, कारण आत बाहेरपेक्षा गार असतं. एक छोटी विजेरी आणि जमल्यास दुर्बीण सोबत ठेवा, कारण चांगल्या गोष्टी छताला किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात असतात. स्वच्छतागृह असेल असं गृहीत धरू नका. गाडी फाटकासमोर लावू नका. त्या छपराच्या फाटकाला लिचगेट म्हणतात, आणि ‘लिच’ म्हणजे जुन्या इंग्रजीत प्रेत. अंत्ययात्रा तिथे थांबायची आणि धर्मगुरू तिथे सामोरा यायचा. आज दिसणारी बरीच लिचगेटं व्हिक्टोरियन काळातली आहेत, पण त्यांचा उपयोग अजून तोच आहे.

आधी बाहेरून एक फेरी

प्रदक्षिणेची सवय आपल्याला आहेच. आत जायची घाई न करता ती पूर्ण घाला.

आधी दिशा ठरवा. वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला. देवळाचा आराखडा डोक्यात असेल तर काम सोपं होतं. लोकांनी उभं राहायचा लांबट भाग, म्हणजे नेव्ह, हा आपला सभामंडप. त्याच्या पूर्वेला अरुंद, बुटका भाग असतो तो चान्सल, म्हणजे साधारण गाभारा. नेव्हच्या दोन्ही बाजूंना वाढवलेल्या ओसऱ्या म्हणजे आईल. फरक एवढाच की आपल्याकडे पुष्कळदा देव पूर्वाभिमुख असतो आणि भक्त पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतात, इथे सगळेच पूर्वेकडे बघतात. गोव्याची चर्च बघितलेल्यांचा आणखी एक गोंधळ होतो. तिथे पश्चिमेचा पांढराशुभ्र दर्शनी भाग आपलं स्वागत करतो. इथे तसा दर्शनी भाग शोधत बसू नका. खेड्यातल्या चर्चमध्ये शिरायचं ते बाजूने, बहुतेकदा दक्षिणेच्या पोर्चमधून.

आता भिंती. ‘हे चर्च कधी बांधलं?’ हा प्रश्न सोडून द्या, त्याला एक उत्तर नसतं. ही इमारत आजीच्या गोधडीसारखी असते, जुन्या तुकड्याला नवा तुकडा जोडत, फाटेल तिथे ठिगळ लावत शेकडो वर्षं चाललेली. म्हणून शिवण शोधा. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसला, तर तिथे एक बांधकाम संपलं आणि दुसरं सुरू झालं. दगडाचा आकार किंवा रंग अचानक बदलला, तरी तेच. भिंतीत बुजवलेली कमान दिसली, तर तिथे कधीकाळी दार किंवा खिडकी होती. ओळीने मोठ्या कमानी बुजवलेल्या दिसल्या, तर पलीकडची अख्खी आईल पाडली असणार. गावची वस्ती घटली, दुरुस्ती परवडेना, पाडून टाकली.

माझी आवडती खूण मनोऱ्याच्या पूर्व अंगावर असते. नेव्हच्या छपराच्या वर मनोऱ्यावर उलट्या ‘व्ही’सारखी दगडी रेघ उमटलेली दिसते. ती जुन्या, जास्त उतरत्या छपराची जागा. पुढे कोणीतरी नेव्हच्या भिंती उंचावल्या, वर खिडक्यांची रांग काढली आणि जवळपास सपाट, शिशाच्या पत्र्याचं छप्पर घातलं. जुन्या छपराची जखम मात्र मनोऱ्यावर राहिली. ही रेघ एकदा ओळखता आली की पुढच्या प्रत्येक गावात नजर आपोआप तिकडे जाते.

दगड स्थानिक असतो. कॉट्सवल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक, हेरफर्डशरमध्ये तांबडा वालुकाश्म, नॉरफक-सफकमध्ये गारगोटीसारखा फ्लिंट. नॉरफकमध्ये शंभराहून जास्त गोल मनोरे आहेत. फ्लिंटने कोपरा बांधता येत नाही आणि कोपऱ्याला लागणारा घडीव दगड लांबून आणावा लागे, हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. अभ्यासकांना ते पूर्ण पटलेलं नाही. भिंतीत ओळीने लहान चौकोनी भोकं दिसली, तर ती परांचीच्या वाशांची.

सगळ्यांत जुन्या भिंती सॅक्सन काळातल्या, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीआधीच्या. कोपऱ्यातले दगड एक उभा, एक आडवा, एक उभा असे रचलेले दिसले तर मन लावून बघा. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा दहाव्या शतकातला मनोरा याचा नमुना आहे. लाकडी बांधणीची नक्कल केल्यासारख्या दगडी पट्ट्या त्यावर अंगभर फिरवल्या आहेत. डरम परगण्यातलं एस्कम त्याहून जुनं, सातव्या शतकातलं. ते बांधताना रोमन ठाण्याचे दगड उचलून आणले, आणि रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचं नाव कोरलेला एक दगड गवंड्याने चक्क उलटा बसवला. त्याला वाचता येत नव्हतं, की फिकीर नव्हती? काहीही असो, मला तो गवंडी जवळचा वाटतो.

पैसा कोणी घातला?

बाहेरून बघताना नेव्ह भव्य आणि चान्सल बापुडवाणा दिसला, किंवा दोन्हींच्या छपरांचा मेळ लागेना, तर त्याचं कारण हिशेबात असतं. मध्ययुगात चान्सलची दुरुस्ती रेक्टरकडे असे, म्हणजे गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्याला मिळे त्याच्याकडे. हा रेक्टर कित्येकदा लांबचा एखादा मठ असे. नेव्हची दुरुस्ती गावाकडे. गावात लोकरीचा पैसा आला की लोकांनी नेव्ह वाढवला, शेजारच्या गावापेक्षा मनोरा उंच केला. मठ मात्र चान्सलवर पेनीसुद्धा खर्चायला नाखूश. शेजारच्या गावाच्या कळसाहून आपला कळस हातभर उंच हवा, ही ईर्षा आपल्याला समजावून सांगायला नको.

लोकरीचा पैसा बघायचा असेल तर ग्लॉस्टरशरमधल्या नॉर्थलीचला जा. तिथे जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर व्यापाऱ्यांच्या आकृती कोरल्या आहेत, आणि त्यांच्या पायाखाली मेंढ्या आणि लोकरीची पोती आहेत. सरदारांच्या पायाशी सिंह किंवा कुत्रा असतो, तर यांनी ज्याच्यावर कमावलं तेच पायाशी ठेवलं. सफकमधल्या लॅव्हनमचा सुमारे १४० फुटी मनोरा कापडाच्या पैशावर उभा राहिला. ग्लॉस्टरशरमधल्याच फेअरफर्डचं चर्च पंधराव्या शतकाच्या शेवटी जॉन टेम या लोकरीच्या व्यापाऱ्याने नव्याने बांधायला घेतलं. तिथल्या २८ खिडक्यांची रंगीत काच जवळजवळ संपूर्ण टिकली आहे. इंग्लंडमधल्या गावच्या चर्चमध्ये असा संपूर्ण संच दुसरा नाही.

चान्सलची ही जबाबदारी अजून मेलेली नाही, आणि इथे घर घेणाऱ्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. काही जमिनींच्या मालकीसोबत चान्सलच्या दुरुस्तीचा खर्च आजही येतो. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या प्रकरणात २००३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, शेताच्या मालकांविरुद्ध निकाल दिला, आणि पुढे त्यांच्यावर सुमारे १ लाख ८७ हजार पौंडांची रक्कम बसली. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर जमीन विकत घेणाऱ्यावर हा बोजा यायचा, तर तो साधारणपणे जमिनीच्या सरकारी नोंदीत असावा लागतो. तरीही जुन्या गावात घर घेताना वकिलाला एकदा विचारा.

खिडक्यांवरून काळ

काळ ओळखायची सोपी किल्ली म्हणजे खिडकी. लिव्हरपूलमध्ये हिशेबनीस म्हणून काम केलेल्या टॉमस रिकमनने १८१७ साली या शैलींची नावं पक्की केली, ती आजही चालतात. भिंत जाड, खिडकी लहान आणि माथा अर्धगोल असेल तर नॉर्मन, बाराव्या शतकापर्यंतची. उंच, अरुंद, टोकदार, भाल्याच्या पात्यासारखी असेल तर अर्ली इंग्लिश, तेरावं शतक. माथ्यावर दगडाची नक्षीदार जाळी, ज्वाळेसारख्या किंवा पानासारख्या वळणांची, असेल तर डेकोरेटेड, साधारण १३५० पर्यंत. आणि खिडकी रुंद, भरपूर उजेडाची, तिच्यातल्या उभ्या दगडी पट्ट्या सरळ वर जाऊन कमानीला भिडलेल्या असतील, तर पर्पेंडिक्युलर, त्यापुढची दोनेकशे वर्षं.

यातला फसवा भाग असा, की खिडकीचा काळ म्हणजे भिंतीचा काळ नव्हे. बाराव्या शतकातल्या भिंतीला भोक पाडून पंधराव्या शतकातली खिडकी बसवणं हे रोजचंच होतं. उलटं मात्र सहसा होत नाही. म्हणून भिंतीतली सगळ्यांत जुनी दिसणारी, बहुधा उत्तरेकडची, बारकी खिडकी शोधा. तिला बदलायला कोणाकडे पैसा उरला नाही म्हणून ती राहिली.

१३५० ही सीमा कोरडी वाटत असेल तर हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलला जा. १३४८-४९ च्या प्लेगच्या महामारीने देशातली निदान एक तृतीयांश माणसं नेली. ॲशवेलच्या मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर, कोणीतरी टोकदार अवजाराने लॅटिनमध्ये ते कोरून ठेवलं आहे. १३५० चा उल्लेख आहे, काळ किती भयानक आणि हिंस्र होता ते सांगितलं आहे, आणि मागे उरली ती फक्त गाळसाळ माणसं असं म्हटलं आहे. शेवटी १३६१ च्या एका प्रचंड वादळाची नोंद. विजेरी भिंतीला चिकटवून तिरपी धरली तरच अक्षरं उठून दिसतात. त्याच चर्चमध्ये एका खांबावर दुसरी ओळ आहे. तिचा अर्थ साधारण असा लावतात, की हे कोपरे नीट जुळलेले नाहीत, थू! सहाशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची ही तक्रार वाचून मी तिथेच हसत सुटलो होतो.

पोर्च आणि दार

पोर्चमध्ये जरा बसा. लग्नाचा पहिला भाग इथे दारातच होत असे, गावचे करार-मदार इथे ठरत. आपल्या चावडीचं काम बरंचसं इथे चाले. दाराजवळच्या दगडावर मधोमध एक भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा दिसतात का बघा. ते प्रार्थनेच्या वेळा दाखवणारं उन्हाचं घड्याळ. भोकात काडी असायची. कधी ते आज सावलीत सापडतं, म्हणजे पोर्च नंतर बांधला. कधी ते उलटं सापडतं, म्हणजे दगडच दुसरीकडून काढून बसवला.

आत गेल्यावर

आत शिरल्यावर दिवा शोधा, मग लगेच पुढे न जाता बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी थांबा. ते दाराजवळ असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे प्रवेश. पुष्कळ गावांत चर्चमधली सगळ्यांत जुनी वस्तू हीच. इमारत तीनदा बदलली तरी कुंड तेच ठेवलं. काठावर लोखंडी कडीचे तुटके अवशेष किंवा बुजवलेली भोकं दिसतात. तेराव्या शतकात कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम निघाला होता, कारण लोक मंतरलेलं पाणी जादूटोण्यासाठी चोरून नेत.

मग भिंतींकडे बघा. उघडा दगड दिसला की तो ‘अस्सल मध्ययुगीन’ वाटतो, आणि इथेच नवखा माणूस फसतो. मध्ययुगात या भिंती गिलावा करून रंगवलेल्या होत्या. संतांची चित्रं, नरकाची चित्रं, लाल-पिवळ्या गेरूच्या वेलबुट्ट्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रकथीच म्हणा ना. सरे परगण्यातल्या चाल्डनला पश्चिमेच्या भिंतीवर सुमारे १२०० सालचं मोठं चित्र आहे. मधोमध शिडी, तिच्यावरून आत्मे वर चढताहेत, काही खाली कोसळताहेत, आणि खाली सैतान खोटं माप देणाऱ्यांची वगैरे खबर घेताहेत. शतकानुशतकं ते चुन्याखाली होतं, १८७० च्या सुमारास सापडलं. यॉर्कशरमधल्या पिकरिंगची चित्रं १८५२ मध्ये उघडी झाली, तर तिथल्या धर्मगुरूंना वाटलं लोकांचं लक्ष विचलित होईल, आणि त्यांनी पुन्हा चुना मारून घेतला! काही वर्षांनी ती परत काढावी लागली.

हा चुना आला कुठून? सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेतून. सहाव्या एडवर्डच्या राज्यात, १५४७ पासून पुढे, मूर्ती काढल्या, चित्रं झाकली, दगडी वेद्या जाऊन लाकडी मेजं आली. रिकाम्या भिंतींवर बायबलमधली वचनं, दहा आज्ञा आणि राजघराण्याचं चिन्ह आलं. त्या उलथापालथीच्या खुणा शोधणं हा आतला सगळ्यांत मजेदार खेळ. चान्सलच्या कमानीशेजारी, भिंतीत उंचावर, कुठेच न जाणारं एक छोटं दार दिसेल, किंवा मध्येच संपणारा चिंचोळा दगडी जिना. नेव्ह आणि चान्सल यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा असे, त्यावर सज्जा आणि सज्जावर क्रूसावरच्या ख्रिस्ताची भव्य मूर्ती. जिना त्या सज्जावर जायला. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या हुकुमाने उरलेसुरले सज्जे उतरवले, जिना भिंतीतच राहिला. चान्सलमध्ये दक्षिणेच्या भिंतीत छोटा कोनाडा आणि त्यात पाणी निचरायचं भोक असेल, तर तिथे मिस्सानंतर, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या कॅथलिक विधीनंतर, पात्रं धुतली जात. हाच कोनाडा आईलच्या टोकाला दिसला, तर तिथेही एक वेदी होती.

दुसरी तोडफोड सतराव्या शतकातल्या यादवीत झाली. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडायला नेमलेल्या विल्यम डाउझिंग नावाच्या गृहस्थाने १६४३-४४ मध्ये केंब्रिजशर आणि सफकमधली अडीचशेच्या आसपास चर्च पालथी घातली, आणि काय काय फोडलं त्याची रोजनिशी ठेवली. हिशेबी माणूस! आज अभ्यासकांना तीच रोजनिशी उपयोगी पडते.

कोपऱ्यात जाडजूड लाकडी पेटी असेल तर तिची कुलपं मोजा. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्नं आणि दफनं यांची नोंदवही ठेवायची होती. पेटीला तीन कुलपं असली, तर एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दोन गावच्या चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांकडे. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. देवस्थानाच्या पंचांना ही युक्ती लगेच पटेल. वह्या आता परगण्याच्या दफ्तरखान्यात असतात.

भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या सावकाश वाचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पाट्यांवर मधूनच ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ भेटतं. या गावातला पोरगा कंपनीच्या फौजेत गेला, तापाने तिकडेच वारला, पाटी इथे लागली. श्रॉपशरमधल्या मोर्टन से गावच्या चर्चमध्ये रॉबर्ट क्लाइव्हला पुरलं, तेही नेमकी जागा कळू नये अशा बिनखुणेच्या कबरीत. आणि हा व्यवहार उलट्या दिशेनेही झाला. कुलाब्याचं अफगाण चर्च, १८५८ मध्ये अभिषेक झालेलं, याच अर्ली इंग्लिश शैलीची व्हिक्टोरियन नक्कल आहे. वर सांगितलेल्या भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्यांची ओळख मुंबईत करून घ्यायची असेल तर तिथे जाऊन या.

दंतकथा

आपल्याकडे प्रत्येक जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं आणि तिथलं भुयार थेट किल्ल्यावर निघतं. इथेही भुयार असतंच, फक्त ते मठात किंवा जहागीरदाराच्या वाड्यात निघतं. उत्तरेचं बुजवलेलं दार सैतान बाहेर जायला होतं, बुटकी खिडकी कुष्ठरोग्यांसाठी होती, पाय एकमेकांवर टाकून झोपलेला दगडी सरदार क्रुसेडवर गेला होता, चान्सल जरा वाकडा आहे तो क्रूसावर ख्रिस्ताची मान कलली होती म्हणून. हे सगळं तुम्हाला प्रेमाने सांगितलं जाईल. मान डोलवा, चहा घ्या. पण पुरावा बहुतेकांना नाही.

सफकमधल्या ब्लिथबराचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत, आणि त्यांच्या अंगात छर्रे सापडले. डाउझिंगच्या माणसांनी गोळ्या झाडल्या असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं. छर्रे तपासल्यावर ते नंतरचे निघाले. अठराव्या शतकात चर्चमध्ये घुसणाऱ्या जॅकडॉ पक्ष्यांना मारायला लोकांना पैसे दिले जात, त्याचा हिशेब गावच्या वहीतच होता.

पहिली फेरी किल्पेकला

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर मी किल्पेक सांगेन. हेरफर्डच्या नैऋत्येला आठ-नऊ मैलांवर, गाव म्हणजे मूठभर घरं, आणि सुमारे ११४० चं हे लहानसं चर्च. मनोरा नाही, आईल नाही, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ उडत नाही. नेव्ह, चान्सल आणि त्यापुढे ॲप्स, म्हणजे वेदीमागचा अर्धगोल शेवट, तीन खोल्या एका ओळीत. नॉर्मन चर्चचा मूळ आराखडा कसा असे ते एका नजरेत कळतं.

दुपारी जा, ऊन दक्षिणेच्या दारावर असताना. तांबडा वालुकाश्म इतका चिवट आहे की नक्षी काल कोरल्यासारखी दिसते. दाराच्या माथ्यावर वेल, कमानीत चोची असलेली मुंडकी आणि चित्रविचित्र प्राणी, बाजूच्या खांबांवर एकमेकांना गिळणारे सर्प, वेलींत गुरफटलेले विजार घातलेले योद्धे. मग मान वर करून फेरी घाला. छपराच्या खाली ओळीने कोरीव दगड आहेत, त्यांना कॉर्बेल म्हणतात. मूळच्या ९१ पैकी ८५ शिल्लक आहेत. एकमेकांना बिलगलेले कुत्रा आणि ससा तर मुलांनासुद्धा आवडतात. पुढे पाय फाकवून बसलेली एक बाई आहे, शीला-ना-गिग. तिच्याकडे बघून आपल्याला तेरची लज्जागौरी आठवते, मलाही आठवली. पण नातं जोडायची घाई नको. लज्जागौरी प्रसन्न, सुफळ देवता आहे. या शीलेचा चेहरा भेसूर आहे, आणि ती सावधानतेचा इशारा आहे की दृष्ट लागू नये म्हणून बसवली आहे, यावर अजून वाद चालू आहे.

पश्चिमेच्या भिंतीतून जबडा वासलेली ड्रॅगनची डोकी बाहेर आली आहेत. नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यात जरा वेगळ्या, ओबडधोबड दगडांची रचना दिसेल. तो नॉर्मन चर्चच्या आधीचा, सॅक्सन तुकडा मानतात. म्हणजे या एकसंध दिसणाऱ्या इमारतीलाही शिवण आहेच. आत चान्सलच्या कमानीच्या दोन्ही बाजूंना एकावर एक उभे संत आहेत. मागे टेकाडावर किल्ल्याचे अवशेष, तेही बघून या. असं बारीक काम एवढ्याशा गावात का, याचं उत्तर त्या टेकाडावर आहे. हे किल्ल्याच्या मालकाचं चर्च होतं.

जीर्णोद्धाराचं दुखणं

एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक चर्चचा जीर्णोद्धार झाला. चकचकीत फरशा, एकसारखी बाकं, खरवडून काढलेला गिलावा दिसला की तो व्हिक्टोरियन हात. पुष्कळ इमारती त्यामुळे वाचल्या हे खरं, पण गिलाव्याबरोबर चित्रंही गेली. ट्यूक्सबरीच्या ॲबीवर, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चवर, अशीच पाळी येणार म्हणून चिडून कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं साधं होतं. रोजची डागडुजी करा, गटारं साफ ठेवा, आणि जुनं ‘नवीन’ करू नका. हेमाडपंती देवळाला ऑइल पेंट फासलेला आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावलेल्या बघितल्यावर मला मॉरिसची फार आठवण येते.

विसाव्या शतकातली चूक जास्त साधी दिसते. दगडांच्या दरजा सिमेंटने भरलेल्या. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दरजा शाबूत आणि दगड झिजून आत गेलेला दिसला, की समजायचं. आज असं काही करायला चर्चची खास परवानगी लागते. जिथे प्रार्थना बंद झाली अशी साडेतीनशेहून जास्त चर्च ‘चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट’ सांभाळतो. ती बहुतेक दिवसभर उघडी असतात, त्यामुळे सरावाला उत्तम.

निघताना

दाराजवळच्या मेजावर माहितीची घडीपत्रिका असते, ती घ्या आणि तिची किंमत पेटीत टाका. आता बऱ्याच ठिकाणी कार्डाचं यंत्रही असतं. छपरावरचं शिसं चोरीला जातं, वटवाघळांना कायद्याने हात लावता येत नाही आणि त्यांची घाण पितळी आकृत्यांवर पडते. दुरुस्तीचा खर्च गावातल्या पाच-पंचवीस म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर असतो. वहीत नाव आणि गाव लिहा, अनुदान मागताना किती लोक येतात हे त्यांना दाखवावं लागतं. पितळी आकृतीवर कागद ठेवून ठसा घ्यायचा असेल तर आधी परवानगी काढा. रंगवलेल्या भिंतीला बोट लावू नका.

दिवा बंद करा. आणि बाहेर पडल्यावर दार ओढून खिटी पडल्याचा आवाज ऐका, जाळीचं दुसरं दार असेल तर तेही लावा. उघडं राहिलं तर पाकोळ्या आत शिरतात, आणि त्यांना बाहेर पडता येत नाही.